इटलीतलं कॅथेड्रल आधी मागच्या बाजूने बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पुढच्या महिन्यात आईवडिलांना घेऊन इटलीला जाताय आणि टूरवाल्याने दिलेल्या कागदावर पिसा, फ्लोरेन्स, सिएना, मिलान अशा प्रत्येक गावापुढे 'डुओमो' लिहिलंय. कॅथेड्रल म्हणजे नुसतं मोठं चर्च का? ती बांधायला शेकडो वर्षं का लागली? सगळी बघायची की दोन बघून पुरे? आणि आपल्याकडे त्यांच्याशी नातं सांगणारं काही आहे का?

मी जुन्या दगडचुन्याच्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते आणि त्यातलं काही शिक्षण फ्लोरेन्सला झालं. त्यामुळे माझं उत्तर गवंडीकामाच्या अंगाने जाणार, हे आधीच सांगून ठेवते.

कॅथेड्रलचा आकाराशी काही संबंध नाही. धर्मप्रांताच्या बिशपचं आसन ज्या चर्चमध्ये असतं ते कॅथेड्रल, मग ते लहान का असेना. डुओमो हे त्याचंच इटालियन नाव. त्याचा मूळ अर्थ घर असा आहे, घुमट नव्हे. बासिलिका हे वेगळं प्रकरण आहे. एकतर तो इमारतीच्या आराखड्याचा प्रकार आहे आणि दुसरं म्हणजे पोपने दिलेला मान आहे. म्हणून रोमला गेल्यावर व्हॅटिकनचं सेंट पीटर्स बघून 'रोमचं कॅथेड्रल बघितलं' असं म्हणू नका. पोप हा रोमचा बिशप, आणि त्याचं बिशप म्हणून आसन शहराच्या दुसऱ्या टोकाला, सान जोव्हान्नी इन लातेरानो या चर्चमध्ये आहे. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने दिलेल्या जागेवर ते उभं राहिलं. तिथे गर्दी कमी असते, आईवडिलांना बसायलाही मिळेल.

असाच घोटाळा इतरत्रही होतो. असिसीचं कॅथेड्रल सान रुफिनो; सगळे बघतात ते संत फ्रान्सिसचं चर्च. बोलोन्यात मुख्य चौकातलं अवाढव्य सान पेत्रोनिओ हे कॅथेड्रल नाही, ते नगराने आपल्या हौसेने बांधलेलं. व्हेनिसचं सान मार्को तर कित्येक शतकं दोजेचं, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाचं, खाजगी देवघर होतं. त्याला कॅथेड्रलचा दर्जा 1807 मध्ये मिळाला.

आता मुख्य मुद्दा. बिशपची खुर्ची आत असली तरी मध्ययुगातल्या इटलीत ही इमारत गावाची होती. पिसा, सिएना, फ्लोरेन्स ही स्वतःचा कारभार स्वतः करणारी, एकमेकांच्या उरावर बसलेली शहरं. शेजारच्या गावाचं कॅथेड्रल आपल्यापेक्षा मोठं झालं की इथल्यांची झोप उडायची. बांधकामासाठी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र संस्था असे, तिला ओपेरा किंवा फाब्रिका म्हणत. हिशेब, खाणी, मजूर, वाद, सगळं तिच्याकडे. फ्लोरेन्समध्ये या ओपेराची देखरेख लोकर व्यापाऱ्यांच्या संघाकडे होती. म्हणजे तिथला घुमट उभा राहिला तो कापडाच्या पैशावर. या संस्था आजही चालू आहेत आणि तुमच्या तिकिटाचे पैसे तिकडेच जातात.

गावाची इमारत म्हटल्यावर पैसा आला की काम चालू, युद्ध किंवा साथ आली की बंद. आणि काम साधारणपणे वेदीच्या बाजूने, म्हणजे मागून सुरू होई, कारण तिथे छप्पर पडलं की पूजा सुरू करता येते. पुढची दर्शनी भिंत सगळ्यात शेवटी. तिथवर येईपर्यंत बहुतेकांची तिजोरी रिकामी. म्हणून माझा सगळ्यांना एकच सल्ला असतो: चौकात उतरल्यावर दर्शनी भिंतीसमोर फोटो काढा हवा तर, पण काळ तिच्यावरून ठरवू नका. आधी वळसा घालून मागे जा. बाजूच्या भिंती, मागचा अर्धगोल, दगडाचे बदललेले रंग, बुजवलेल्या कमानी बघा. मग आत शिरा.

पटत नसेल तर फ्लोरेन्सची दर्शनी भिंत बघा. पांढरा, हिरवा, गुलाबी संगमरवर, ओळीने पुतळे. प्रत्येक जण ती मध्ययुगीन समजतो. ती पूर्ण झाली 1887 मध्ये, एमिलिओ दे फाब्रिसच्या आराखड्यानुसार. पहिला वास्तुकार आर्नोल्फो दि कांबियोने सुरू केलेली मूळची अर्धवट भिंत 1587 मध्ये पाडून टाकली होती, आणि मधली जवळपास तीनशे वर्षं ते जगप्रसिद्ध चर्च पुढून बोडकं उभं होतं. लातेरानोची दर्शनी भिंत 1735 ची. मिलानची तर नेपोलियनने घाई लावून पुरी करून घेतली, कारण 1805 मध्ये त्याला तिथे इटलीचा राजा म्हणून मुकुट घालून घ्यायचा होता. मुकुट चढला तरी काम पुढे काही वर्षं चालूच राहिलं.

दर्शनी भिंत किती लपवू शकते याचा कळस सिसिलीत सिराकुसाला आहे. तुमच्या यादीत ते गाव नाही, पण कधी जमलं तर चुकवू नका. पुढून अठराव्या शतकातली नखरेल बारोक भिंत. 1693 च्या भूकंपानंतर आंद्रेआ पाल्माच्या आराखड्याने उभी राहिलेली. डाव्या बाजूच्या गल्लीत वळलात की चर्चच्या भिंतीत अर्धवट बुडालेले जाडजूड डोरिक खांब दिसतात. ते इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातल्या, ग्रीक देवी अथीनाच्या देवळाचे. ग्रीक देवळात भक्त बाहेर उभे राहत, आत देव आणि पुजारी. ख्रिस्ती उपासनेला मात्र सगळ्यांना छपराखाली एकत्र उभं राहायला जागा हवी. म्हणून सातव्या शतकात गवंड्यांनी बाहेरच्या खांबांमधल्या फटी दगडांनी बुजवून भिंत केली आणि आतल्या गाभाऱ्याच्या सलग भिंतींत कमानी कोरून ती मोकळी केली. बाहेरचं आत, आतलं बाहेर. देऊळ न पाडता त्याचं चर्च झालं. खांबांवरून हात फिरवून बघा, आतून-बाहेरून दोन्हीकडून लागतात.

जिथे असं देऊळ हाताशी नव्हतं तिथे रोमन न्यायसभागृहाचा नमुना घेतला: लांबट दालन, दोन्हीकडे खांबांच्या रांगा, टोकाला अर्धगोल कोनाडा जिथे न्यायाधीश बसे. तीच बासिलिका. 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाल्यावर हा आराखडा आयताच हाती आला, आणि पुढे हजार वर्षं इटलीने तो फारसा सोडला नाही.

पिसाला लोक मनोरा बघायला जातात आणि कॅथेड्रलकडे पाठ करून फोटो काढतात. वास्तविक तो मनोरा म्हणजे या कॅथेड्रलचं घंटाघर, बाकी काही नाही. पिसाच्या आरमाराने 1063 मध्ये पालेर्मोवर छापा घातला आणि त्या लुटीतून हे चर्च सुरू केलं. ही बढाई त्यांनी चर्चच्याच पुढच्या भिंतीवर लेख कोरून मारली आहे. वास्तुकार बुस्केतोची कबरही तिथेच, दर्शनी भिंतीत. 1118 मध्ये पोपच्या हस्ते प्रतिष्ठापना झाली. काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे पट्टे, एकावर एक चढवलेल्या लहान कमानींच्या ओळी, जुन्या रोमन इमारतींतून उचलून आणलेले खांब; सागरी व्यापार करणाऱ्या गावाने जिथून जे दिसलं ते आणलं.

मनोऱ्याबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. 1173 मध्ये काम सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेतो तो कलायला लागला. दक्षिणेकडची माती जास्त मऊ. काम थांबलं ते जवळजवळ शंभर वर्षं. ही थांबणूकच त्याला वाचवून गेली. त्या काळात खालची चिकणमाती दाबली जाऊन घट्ट झाली. सलग बांधला असता तर तेव्हाच आडवा झाला असता. पुढच्या गवंड्यांनी वरचे मजले उलट दिशेला थोडे वळवून ओळंबा साधायचा प्रयत्न केला, त्यामुळे मनोरा नुसता कललेला नाही, किंचित वाकलेलाही आहे. 1990 मध्ये तो लोकांसाठी बंद केला. बरेच उपाय करून झाल्यावर अभियंत्यांनी उत्तरेकडच्या, म्हणजे वर उचललेल्या बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून घेतली. मनोरा आपणहून चाळीसेक सेंटिमीटर मागे आला. 2001 मध्ये परत उघडला. कलणाऱ्या इमारतीला टेकू देण्याऐवजी तिच्या चढत्या बाजूखालून माती काढायची, हे ऐकायला अगदी साधं वाटतं; करायला छाती लागते.

मनोरा वेगळा, चर्च वेगळं, आणि समोर तिसरी वेगळी इमारत म्हणजे बाप्तिस्म्याचं घर. इटलीत हे त्रिकूट पुन्हा पुन्हा दिसेल. बाप्तिस्मा न झालेल्याला मुख्य चर्चमध्ये पुरता प्रवेश नाही, म्हणून त्याची इमारत बाहेर. ती पुष्कळदा अष्टकोनी असते, कारण आठवा दिवस हा पुनरुत्थानाचा, नव्या जन्माचा मानला जातो. फ्लोरेन्सचं बाप्तिस्म्याचं घर कॅथेड्रलपेक्षा बरंच जुनं आहे, आणि कवी दान्तेचा बाप्तिस्मा तिथेच झाला. शिल्पकार गिबेर्तीचे सोनेरी दरवाजे बघायला तिथे झुंबड असते. मूळ दरवाजे आता संग्रहालयात आहेत, जागेवर आहेत त्या प्रतिकृती. संग्रहालय सोडू नका.

आणि आता घुमट. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

फ्लोरेन्सच्या सांता मारिया देल फिओरेचा पाया 1296 मध्ये घातला गेला. 1367 मध्ये गावाने एक मॉडेल मान्य केलं: अष्टकोनी घुमट, आतला गाळा सुमारे 45 मीटर, आणि फ्रान्समध्ये असतात तसे बाहेरून तिरके टेकू अजिबात नकोत. हे बांधायचं कसं, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तरी ठराव झाला आणि पुढची पन्नास वर्षं लोक त्या उघड्या भगदाडाखाली काम करत राहिले. हा आत्मविश्वास म्हणायचा की बेफिकिरी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

अडचण कुठे होती ते आपल्याकडे घर बांधताना स्लॅब पडलेला बघितलाय त्याला लगेच कळेल. स्लॅब असो की कमान, आधी खालून सेंटरिंग लागतं. माल पक्का झाला की ते काढायचं. इथे घुमट सुरू होतो तोच जमिनीपासून पन्नासेक मीटरवर. एवढ्या उंचीचं आणि एवढ्या रुंदीचं लाकडी सेंटरिंग करायला लागणारे सोट आणायचे कुठून? आणि आणले तरी ते स्वतःचं वजन पेलणार का? 1418 मध्ये ओपेराने स्पर्धा जाहीर केली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की, जो शिकला होता सोनारकाम, म्हणाला की मी सेंटरिंगशिवाय बांधतो. 1420 मध्ये त्याला काम मिळालं, पण एकट्याला नाही. त्याचा प्रतिस्पर्धी गिबेर्ती जोडीला दिला. दोघांचं कधीच पटलं नाही.

त्याने केलं काय, तर घुमट दुहेरी केला. आतलं कवच जाड, बाहेरचं पातळ, मधल्या पोकळीतून जिना. वजन कमी झालं आणि परांची टेकवायला जागा मिळाली. पण खरी गंमत विटांच्या रचनेत आहे. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर उभ्या विटा घातल्या आहेत आणि त्यांची ओळ वर चढत जाताना तिरकी वळते. इटालियन लोक याला माशाचा काटा म्हणतात. वर जावं तसा थर आतल्या बाजूला झुकत जातो, आणि चुना ओला असताना वीट घसरायला बघते. उभी वीट खालच्या, आधीच आवळलेल्या थरात रुतलेली असते. ती मधल्या पाच-सहा विटांना पाचरीसारखी धरून ठेवते. थोडं अंतर पुरं झालं की पुढची उभी वीट. असं करत फेरा पूर्ण झाला की तो थर स्वतःच्या बळावर उभा, आणि वरच्या थरासाठी तोच आधार. शिवाय घुमट बाहेर फाकू नये म्हणून जाडीत दगडांच्या, लोखंडी आकड्यांनी जोडलेल्या साखळ्या आणि एक लाकडी साखळी पुरली आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात ना, काम तेच.

बैल तिथेही होते. माल वर चढवायला त्याने जे यंत्र केलं ते खाली बैलांच्या जोडीवर चालायचं, आणि गियर बदलून दोर वर किंवा खाली सोडता यायचा. बैलांना सोडून उलटं जुंपायची गरज नाही. दिवसाकाठी किती वेळ वाचत असेल याचा हिशोब कुठल्याही साइटवरच्या मुकादमाला विचारा. दरम्यान 1434 मध्ये वर्गणी भरली नाही म्हणून गवंड्यांच्या संघाने त्याला तुरुंगात टाकलं; ओपेराने खटपट करून सोडवला. 1436 मध्ये घुमट पुरा झाला. टोकावरचा दिवा, म्हणजे दगडी कळस, सुरू झाला त्याच वर्षी, 1446 मध्ये, ब्रुनेलेस्की वारला. त्यावरचा तांब्याचा सोनेरी गोळा शिल्पकार व्हेरोक्किओने 1471 मध्ये चढवला.

वर जायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. आईवडिलांचे गुडघे बरे नसतील तर त्यांना खाली कॉफी पाजा आणि तुम्ही एकटे चढा. दोन कवचांच्या मधून जाताना सगळे वर बघत धापा टाकत असतात. तुम्ही जिथे गिलावा नाही तिथे थांबून बाजूच्या भिंतीकडे बघा. आडव्या विटांमधून तिरकी चढत गेलेली उभ्या विटांची ओळ स्वच्छ दिसते. खाली उतरून मुख्य दालनात आलात की कमानींच्या पायथ्याशी आडवे लोखंडी टाय रॉड आहेत तेही बघा. फ्रेंच लोकांनी भिंतीचा रेटा बाहेर टेकू लावून अडवला, इटालियनांनी आतून लोखंडाने बांधून. पुस्तकी पंडित याला गॉथिकचं, म्हणजे उंच, टोकदार कमानींच्या त्या फ्रेंच शैलीचं, बिघडलेलं रूप म्हणायचे. मला तर ते जास्त प्रामाणिक वाटतं, आणि भिंती सलग राहिल्यामुळे चित्रांना जागा मिळाली हा फायदा वेगळाच.

मिलान याला अपवाद. 1386 मध्ये विटांनी सुरुवात झाली, पण सत्ताधीश ज्यान गालेआत्सो व्हिस्कोंतीला युरोपभर नाव व्हायला हवं होतं. त्याने कांदोलियाची संगमरवराची खाण फाब्रिकाला देऊन टाकली. गुलाबी झाक असलेला तो दगड मादजोरे सरोवर, तिचिनो नदी आणि कालव्यांतून थेट शहरापर्यंत होडीने येई. खाण आजही फाब्रिकाकडेच आहे आणि दुरुस्तीचा दगड तिथूनच येतो. हे ऐकून आमच्यासारख्यांच्या पोटात दुखतं, कारण आम्हाला जुन्या वाड्याला जुळणारा दगड शोधताना नाकी नऊ येतात.

उंची किती घ्यायची, यावर तिथे दहा वर्षं भांडण चाललं. 1391 मध्ये स्तोर्नालोको नावाचा गणिती बोलावून त्रिकोणांवर आधारलेला छेद काढून घेतला. जर्मनीतून तज्ज्ञ आणले, तेही टिकले नाहीत. 1399 मध्ये पॅरिसहून आलेल्या ज्याँ मिन्योने सांगितलं की तुमचे टेकू कमी पडणार, शास्त्राशिवाय कला म्हणजे शून्य. स्थानिकांनी त्याला 1401 मध्ये घालवला आणि आपल्या अंदाजाने बांधलं. चर्च अजून उभं आहे. पुतळे तीन हजारांवर, टोकावरची सोनेरी मादोन्निना, म्हणजे मेरीची मूर्ती, 1774 ची, शेवटचा काशाचा दरवाजा 1965 चा. आपण रखडलेल्या कामाला मारुतीचं शेपूट म्हणतो. मिलानचे लोक डुओमोचं काम म्हणतात. इथे लिफ्टने छतावर जाता येतं, तेव्हा आईवडिलांना नक्की न्या.

सिएनाचं एकच सांगते. फ्लोरेन्सवर मात करायची म्हणून 1339 मध्ये त्यांनी ठरवलं की असलेलं चर्च हे नव्या चर्चचा नुसता आडवा बाहू होईल, एवढं मोठं बांधायचं. 1348 मध्ये प्लेग आला, गाव ओस पडलं, उभ्या भिंतींना तडे गेले. नव्या चर्चची एकटी दर्शनी भिंत आजही आकाशाला टेकून उभी आहे आणि तिच्यावर चढता येतं. जी भिंत सगळीकडे शेवटी होते ती इथे उरली आणि मागचं चर्चच झालं नाही. आतली संगमरवरी चित्रांची फरशी वर्षातले काही आठवडेच पूर्ण उघडी असते. तारखा बघून जा.

दोनच बघायची तर फ्लोरेन्स आणि सिएना. मिलान विमानतळासाठी लागणारच आहे, मग तेही होईल. पिसा वगळलंत तर मी रागावणार नाही, पण गेलात तर चर्चच्या आत जा.

आपल्याकडचं नातं गोव्यात आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूसमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी ज्या रंगीत संगमरवराच्या चौथऱ्यावर आहे तो फ्लोरेन्सचा. फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोने दिला, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने घडवला आणि समुद्रमार्गे आणून 1698 मध्ये बसवला. खाली काशाचे उठावचित्रांचे पत्रे आहेत ते गर्दीत कुणी बघत नाही. जवळच सेंट कॅजेटनचं चर्च आहे, ते इटलीहून आलेल्या थिएटाइन साधूंनी सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलं. आणि गोव्याचं कॅथेड्रल? ते बॉम जेझूस नव्हे, रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल. 1562 मध्ये सुरू झालं, 1619 मध्ये मुख्य काम उरकलं. दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला आणि परत बांधलाच नाही, त्यामुळे त्याच्या दर्शनी भिंतीवरून तरी फसायला होत नाही.